विमानतळ वाढले, पण त्यात आपली मुले कोठे आहेत?

आमची वस्ती कुर्ल्याच्या डोंगराळ भागात आहे. सहारच्या विमानतळावर उतरणारी विमाने आमच्या पत्र्यांवरून जातात. विमान इतके खाली आलेले असते की त्याची चाके मोजता येतात. नवीन पाहुणा दचकतो. आम्हाला मात्र सवय झाली आहे. विमान आले की बोलणारा मध्येच थांबतो, आवाज जाऊ देतो आणि अर्धे राहिलेले वाक्य पुढे सुरू करतो.

वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी सकाळी आम्ही मुलांची अभ्यासिका घेतो. मी पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. त्यामुळे गणित आणि इंग्रजी माझ्याकडे असते. एका रविवारी नववीतल्या एका मुलीने प्रश्न केला, "काका, रस्त्याला सिग्नल असतो, रेल्वेला सिग्नल असतो. मग विमानाला सिग्नल कोण दाखवतो? एवढी विमाने एकामागून एक येतात, ती एकमेकांवर आपटत कशी नाहीत?"

मला उत्तर देता आले नाही. या मुलीची आई त्याच विमानतळावर ठेकेदारामार्फत साफसफाईला जाते. रोज शेकडो फूट काच पुसते. तिलाही सांगता आले नाही. तेव्हा मी मुलांना कबूल केले की, वाचून, विचारून पुढच्या रविवारी सांगेन. वाचायला बसलो आणि लक्षात आले की हा प्रश्न एका मुलीचा नाही, आपल्या सर्वांचा आहे. विमानतळ म्हटले की आपल्याला काचेची इमारत दिसते, तिकिटाचे भाडे दिसते आणि "ते आपल्यासाठी नाही" असे म्हणून आपण मान वळवतो. पण या देशात विमानतळांवर फार मोठा खर्च होतो आहे. त्यासाठी जमीन गोरगरिबांची जाते, घाम मजुरांचा गाळला जातो. मग त्यातली कायमची, सन्मानाची नोकरी कोणाच्या वाट्याला येते, हे विचारायला नको का?

जुहूची पट्टी ते सहारची काच

थोडा इतिहास पाहू. मुंबईत विमाने प्रथम उतरत ती जुहूला. तेथील धावपट्टी १९२८ साली सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. आपल्या देशातील नियमित हवाई टपालाची ती सुरुवात. सांताक्रूझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी विमानांनी वापरली आणि पुढे तीच मुंबईचा मुख्य विमानतळ झाली.

युद्धाच्या त्या काळात, १९४२ ते १९४६, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्यांच्या मजूर खात्याखालीच येत असे आणि युद्धकाळात विमानांच्या धावपट्ट्या बांधण्याचे काम या बांधकाम खात्याकडे होते. त्याच काळात, १९४३ साली, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. म्हणजे देशाची बांधकामे आणि त्या देशाच्या नोकरीतील आपला वाटा, या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकाच टेबलावर ठेवल्या होत्या.

आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी सांताक्रूझचा विमानतळ पहिल्यांदा पाहिला तो मात्र फार दुःखाच्या रात्री. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले. ते उतरले तेव्हा ७ डिसेंबरची पहाट व्हायची होती. गिरणीतले, गोदीतले, सफाई खात्यातले हजारो लोक थंडीत विमानतळाबाहेर ताटकळत उभे होते. माझे वडील त्यांतले एक. ते सांगत, "आम्ही आकाशाकडे डोळे लावून बसलो होतो. प्रत्येक दिवा विमानाचा वाटायचा."

त्यानंतर कारभार वाढत गेला. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होतेच. मोठ्या शहरांच्या आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी १९७२ मध्ये एक प्राधिकरण झाले, इतर विमानतळांसाठी १९८६ मध्ये दुसरे. १ एप्रिल १९९५ रोजी या दोहोंचे मिळून भारतीय विमानतळ प्राधिकरण झाले. मुंबईच्या विमानतळाला १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले आणि तेथील नवे टर्मिनल २०१४ च्या आरंभी प्रवाशांसाठी उघडले. तीच ती काच, जी आमच्या वस्तीतल्या आया-बहिणी पुसतात.

आकाशातला सिग्नलवाला

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. विमानाला सिग्नल देणारा माणूस असतो. त्याला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. विमानतळावर उंच मनोरा दिसतो ना, त्यात तो बसतो. पण सगळेच नियंत्रक मनोऱ्यात नसतात. बरेचजण खाली बंद खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसलेले असतात. विमान जागेवरून हलले की एकजण त्याला वाट सांगतो, दुसरा धावपट्टी मोकळी असल्याची खात्री करून उडण्याची परवानगी देतो, वर गेले की तिसरा त्याचा ताबा घेतो आणि दूर गेले की चौथा. आपल्या देशाचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या विभागांत वाटलेले आहे. मुंबई आणि चेन्नईचे विभाग तर थेट समुद्रावर दूरवर पसरले आहेत. मशाल हातोहात जावी तसे एकेक विमान एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. एकावर एक असलेल्या दोन विमानांत साधारणपणे किमान एक हजार फुटांचे अंतर राखायचे, हा त्यांचा मूळ नियम.

हे अंतर राखण्यासाठी विमान किती उंचीवर आहे हे कळले पाहिजे. येथेच यंत्राचे महत्त्व येते. जुन्या पद्धतीचे रडार लहरी सोडते, त्या विमानावर आपटून परत येतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो. पडद्यामागे माणसाची सावली दिसावी तसे ते असते. कोणीतरी आहे हे कळते. पण तो कोण आणि कोणत्या मजल्यावर उभा आहे, हे कळत नाही. नंतरच्या पद्धतीचे, ज्याला सेकंडरी रडार म्हणतात ते, विमानाला जणू हाक मारून विचारते आणि विमानातील यंत्र आपला क्रमांक व उंची आपोआप कळवते.

हा फरक किती मोठा असतो ते १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी साऱ्या जगाने पाहिले. दिल्लीहून सौदी अरेबियाचे विमान दहरानकडे निघाले होते आणि कझाकस्तानचे विमान दिल्लीत उतरायला येत होते. त्या वेळी दिल्लीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाकडे असल्याने येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती. नियंत्रकाने एकाला १४ हजार फुटांवर आणि दुसऱ्याला १५ हजार फुटांवर राहायला सांगितले होते. पण दिल्लीतील त्या वेळच्या रडारवर उंची दिसत नव्हती. वैमानिक सांगेल तीच उंची खरी मानायची. कझाक विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली आले आणि हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील ३४९ माणसे गेली. एकही वाचला नाही.

वाचकहो, त्या सौदी विमानात कोण होते? ३१२ जणांपैकी बहुसंख्य भारतीय, आणि त्यांतले कितीतरी आखातात मजुरीला निघालेले कामगार. कर्ज काढून, दागिने मोडून निघालेली माणसे. विमान हे श्रीमंतांचेच वाहन, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. यंत्र जुने राहिले तर मरणारा मजूरही असतो.

त्या अपघातानंतर चौकशी झाली, डोळे उघडले. दिल्लीत येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. उंची दाखवणारी रडार आली. समोरून विमान येत असल्याचा इशारा देणारे यंत्र विमानात बसवणे सक्तीचे झाले. पुढे उपग्रहावरून विमानाचा ठावठिकाणा अचूक देणारी 'गगन' ही यंत्रणा विमानतळ प्राधिकरणाने आणि इस्रोने मिळून उभारली. आधुनिकीकरण म्हणतात ते हे! मंत्री फीत कापतात ती काचेच्या दारापुढे. पण प्रवाशाचा जीव सांभाळते ती न दिसणारी यंत्रे आणि न दिसणारी माणसे.

आणि ही यंत्रे एकदा बसवली की झाले, असेही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला विमानांच्या उड्डाणांची माहिती पोहोचवणारी संगणक यंत्रणा बिघडली. नियंत्रकांना ती माहिती हाताने भरावी लागली. सुमारे आठशे उड्डाणे रखडली. त्याच वर्षी संसदेच्या स्थायी समितीनेही नियंत्रकांची कमतरता आणि त्यांच्यावरील कामाचा ताण याबद्दल सरकारला बजावले होते. बाहेरची चमक तर याहून फसवी. २८ जून २०२४ रोजी पावसात दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल १ चे बाहेरील छत गाड्यांवर कोसळले. मेला तो बाहेर भाड्याची वाट पाहत असलेला एक टॅक्सीचालक.

जागा कोणाची गेली?

मुंबईच्या विमानतळाची अडचण अशी की त्याच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. तरीही गर्दीच्या तासाला सुमारे ४६ विमाने उतरतात किंवा उडतात. अभ्यासिकेतील मुलांनी हिशेब केला: तासाचे ३,६०० सेकंद, भागिले ४६, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक विमान. वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी या विमानतळावरून ये-जा करतात. आजूबाजूला शहर दाटलेले. वाढायला जागा नाही.

जागा नाही, कारण तेथे माणसे राहतात. विमानतळाच्या जमिनीवर आणि कडेने सुमारे ८० हजार कुटुंबे झोपड्यांत राहत असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ही माणसे तेथे आली कशी? सहारजवळच्या अण्णावाडीचेच उदाहरण घ्या. १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी तमिळनाडूतून मजूर आणले गेले. काम संपले, पण पोट संपले नाही. त्यांनी समोरची दलदल मातीने भरून काढली आणि तेथेच झोपड्या बांधल्या. म्हणजे ज्याने धावपट्टी नीट केली, तोच पुढे धावपट्टीच्या कडेचा अतिक्रमण करणारा ठरला! या झोपडीवासीयांचे पुनर्वसन करण्याची मोठी योजना २००७ मध्ये आखली गेली. कुर्ल्यात हजारो घरांच्या इमारतीही उभ्या राहिल्या. पण योजना वादात अडकली, २०१३ मध्ये करार रद्द झाला आणि बहुतेक कुटुंबे होती तेथेच राहिली.

मग दुसरा विमानतळ हवा, म्हणून नवी मुंबईची योजना पुढे आली. १९९७ पासून तिची चर्चा होती. २०१० मध्ये पर्यावरणाची परवानगी मिळाली, १८ फेब्रुवारी २०१८ रोजी पायाभरणी झाली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. सुमारे १,१६० हेक्टर जागा. ३,७०० मीटरची धावपट्टी. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर नऊ कोटी. त्यासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावे उठवली. तीन हजारांवर कुटुंबांनी घरे, शेते, मिठागरे, खाडीतील मासेमारी सोडली.

या लोकांना जे मिळाले ते सहज मिळाले नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी आंदोलन केले. गोळीबारात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या बलिदानातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व आले. विमानतळाच्या वेळी तोच वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. नव्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये केला, त्यामागे हा इतिहास आहे. संघटित झाला त्याला वाटा मिळाला. जो भूमिहीन होता, ज्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, त्याच्या हाती मात्र थोडेच लागले. आपल्या लोकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण आपल्यात सातबारेवाले कमीच.

नागपूरकडेही पाहा. सोनेगावचा विमानतळ देशाच्या मध्यावर. १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून चार विमाने निघून मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळच्या आत परत फिरत. २००५ मध्ये या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. दीक्षाभूमीच्या शहराला ते शोभणारेच आहे. पण मिहान प्रकल्पासाठी शिवणगावसारख्या गावांच्या जमिनी गेल्या आणि मोबदल्यासाठी तेथील लोकांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. कमानीवर बाबासाहेबांचे नाव पाहून ऊर भरून येतो हे खरे; पण कमानीच्या आत आपली मुले कोणत्या कामावर आहेत, हेही पाहिले पाहिजे.

छोट्या गावांची विमाने

२०१६ मध्ये सरकारने 'उडान' योजना जाहीर केली. सुमारे एक तासाच्या प्रवासाला अडीच हजार रुपये भाडे आणि बंद पडलेल्या छोट्या विमानतळांना नवे जीवन, असा तिचा हेतू. पायात हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असे तेव्हा सांगितले गेले. एप्रिल २०१७ मध्ये पहिल्या उड्डाणांत आपले नांदेडही होते. २०१४ साली देशात ७४ विमानतळ चालू होते, आज ते दीडशेच्या पुढे गेल्याचे सरकार सांगते. शिर्डी २०१७ मध्ये, सिंधुदुर्ग २०२१ मध्ये आणि अमरावती २०२५ मध्ये विमानाच्या नकाशावर आले.

ही बाजू चांगली आहे. पण कारकुनाला जमेबरोबर खर्चाचीही वही पाहायची सवय असते. देशाचे महालेखापाल, ज्यांना 'कॅग' म्हणतात, त्यांनी २०२३ मध्ये या योजनेचा हिशेब मांडला. मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले त्यांतील फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि त्यानंतरही चालू राहिले ते अवघे ५४. नांदेडची विमानसेवाही मध्यंतरी बंद पडली आणि पुढे पुन्हा सुरू करावी लागली. धावपट्टी बांधली म्हणजे विमान येतेच असे नाही. तिकीट घेणारा प्रवासी हवा, आणि प्रवाशाच्या खिशात पैसा हवा.

दार कोठे उघडे आहे?

आता मुख्य मुद्दा. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ चालवण्याचे काम खासगी भागीदारीच्या कंपन्यांकडे गेले. त्या वेळी प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला होता. मुंबईच्या कंपनीत प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के राहिला, ७४ टक्के खासगी झाला. २०१९ मध्ये अहमदाबाद, जयपूर, लखनौ, गुवाहाटी, तिरुवनंतपुरम आणि मंगळूर हे सहा विमानतळ पन्नास वर्षांसाठी खासगी हातात देण्याचा निर्णय झाला. याचा आपल्याला लागणारा अर्थ साधा आहे. खासगी कंपनीला आरक्षण लागू नाही. पूर्वी विमानतळावर जो शिपाई, जो कारकून, जो तंत्रज्ञ बिंदुनामावलीप्रमाणे भरला जाई, त्याच्या जागी आता ठेकेदाराचा माणूस येतो. अकरा महिन्यांचा कागद, गळ्यात ओळखपत्र आणि उद्याची खात्री नाही.

पण एक दार उघडे आहे, आणि ते आपल्या मुलांना कोणी दाखवत नाही. विमानतळ खासगी असो की सरकारी, प्रवासी विमानांच्या आकाशातील वाहतुकीचे नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाकडेच आहे. म्हणजे त्या मनोऱ्यातली नोकरी आजही सार्वजनिक क्षेत्रातली आहे. तिला आरक्षण लागू आहे. पगार उत्तम, काम सन्मानाचे, आणि माणसेही कमी पडत आहेत.

या जागेचे नाव 'ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एअर ट्रॅफिक कंट्रोल)'. पात्रता अशी: भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन बी.एस्सी., किंवा अभियांत्रिकीची पदवी, ज्यात कोणत्याही एका सत्रात हे दोन विषय असावेत. बारावीच्या पातळीचे इंग्रजी बोलता-लिहिता आले पाहिजे. वयोमर्यादा २७ वर्षे, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत. अलीकडच्या जाहिरातींत अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना आणि सर्व महिलांना परीक्षा शुल्क माफ होते. आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग कागदपत्रांची तपासणी, आवाजाची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. निवड झालेल्यांना प्राधिकरण स्वतः प्रशिक्षण देते. प्रयागराजला १९४८ पासूनचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे, हैदराबादला आहे आणि आपल्या महाराष्ट्रात गोंदियालाही प्रशिक्षण संस्था आहे. यात देणगी नाही, वैमानिकासारखे लाखो रुपयांचे शिक्षण शुल्क नाही. लागते ते भौतिकशास्त्र, गणित, इंग्रजी आणि शांत डोके.

ज्यांना पदवीपर्यंत जाता येत नाही, त्यांच्यासाठी प्राधिकरणाच्या अग्निशमन दलात 'ज्युनिअर असिस्टंट' च्या जागा निघतात. बारावी उत्तीर्ण, किंवा दहावीनंतर ठरावीक विषयांतील पदविका, वाहन चालवण्याचा परवाना आणि मजबूत शरीर ही त्यांची अट. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी आपली मुले ही परीक्षा का देत नाहीत? कारण जाहिरात त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट: दहावीनंतर मुलीला "आर्ट्सला टाक, सोपे पडेल" असे म्हणू नका. गणिताला घाबरून वळलेली पिढी म्हणजे आमची. मी स्वतः बी.कॉम. झालो, कारण विज्ञानाची शिकवणी परवडत नव्हती आणि वाट दाखवणारे कोणी नव्हते. बी.कॉम.वाल्याला मनोऱ्याची ती परीक्षा देता येत नाही. अकरावीला विषय निवडताना एक चूक झाली की असे दार कायमचे बंद होते. म्हणून निर्णय दहावीच्या सुट्टीत घ्या, पदवी झाल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट: विमानतळावर ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या भावा-बहिणींनी आपला भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि ईएसआयचे कार्ड मागून घ्यावे. पगाराची पावती जपावी. किमान वेतन हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ती कोणाची मेहरबानी नव्हे.

तिसरी गोष्ट: विमानतळाच्या कडेने किंवा कोणत्याही प्रकल्पाच्या जागेवर राहणाऱ्यांनी पुराव्याची कागदपत्रे पेटीत नीट ठेवावीत. राज्याच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला मोफत पुनर्वसनाचा हक्क आहे, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. जुनी मतदार यादी, वीजबिल, शिधापत्रिका, सर्वेक्षणाची पावती: पावसात भिजलेला एक कागद एक घर घालवू शकतो.

चौथी गोष्ट: नव्या विमानतळाचे उद्घाटन आपल्या भागात झाले की लोकप्रतिनिधीला लेखी विचारा. किती जागा कायम, किती ठेक्यावर? उठवलेल्या गावांतील किती मुलांना काम दिले? तोंडी विचारले की आश्वासन मिळते. लेखी विचारले की निदान पोच मिळते.

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी मी मुलांना हे सारे सांगितले. फळ्यावर दोन विमाने काढली, एक १४ हजार फुटांवर, दुसरे १५ हजारांवर, आणि चरखी दादरीची गोष्ट सांगितली. वर्ग एकदम शांत झाला. त्या मुलीने विचारले, "म्हणजे त्या काकांना उंची दिसली असती तर ती माणसे वाचली असती?" मी म्हटले, "बहुधा वाचली असती." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग मला तिथे बसायचंय."

तिची आई दारात उभी होती. कामावरून परस्पर आली होती, गळ्यात ओळखपत्र तसेच होते. तिने मला बाजूला बोलावून विचारले, "भाऊ, तो टावर मी रोज बघते. तिथं बाया असतात का कामाला?" मी सांगितले, "असतात ताई. पुष्कळ असतात. आणि साफसफाईला नव्हे."

ती मुलगी आता अकरावीला विज्ञान शाखेत आहे. भौतिकशास्त्राची शिकवणी घेण्यासाठी रेल्वेतील एक निवृत्त तंत्रज्ञ दर शनिवारी विहारात येतात, एक पैसाही घेत नाहीत. वर्गात सध्या सात मुले आहेत, त्यांत चार मुली. ज्यांच्या वस्तीत असा वर्ग सुरू करायचा असेल, त्यांनी फळा, खडू आणि एक शिकलेला माणूस एवढेच जमवावे. बाकीचे आपोआप जमते, असा आमचा अनुभव आहे.

जयभीम!